नववा रकाना

अर्जात चौदा रकाने होते. पहिले आठ शाळेच्या दाखल्यावरून उतरवता येत होते. नवव्यात मात्र दाखल्यावर नसलेली गोष्ट विचारली होती: अर्जदारास किमान तीन वर्षांपासून ओळखणाऱ्या, त्याच्या नात्यात नसलेल्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे व पत्ते. मजकूर इंग्रजीत होता. मलकापूरच्या ज्या टायपिंग क्लासात मी तेव्हा जात होतो तिथे आम्ही तिघांनी मिळून त्याचा अर्थ लावला, आणि तो चुकीचा लावला.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. बुलडाण्याला नवी खाती उघडत होती, आणि खाते उघडले की टेबल, कपाट आणि टाइपरायटरच्या मागोमाग एक कारकून लागत असे. मी मॅट्रिक झालो होतो. रोजगार विनिमय कचेरीत नाव नोंदवून वर्ष उलटले होते. ठरलेल्या मुदतीत कार्डावर शिक्का मारून आणायचा, एवढाच त्या कचेरीशी माझा संबंध उरला होता. दिवसा मी मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर शाईने क्रमांक घाली आणि संध्याकाळी तासभर टायपिंग शिके. रविवारी गावी जाई. गाव रोहिणखेडच्या बाजूला, मोताळ्यापर्यंत एस.टी., पुढे पायी.

जागा निघणार असल्याचे मला त्या कार्डाने सांगितले नाही. क्लासात शेजारी बसणाऱ्या मुलाचा मामा बुलडाण्याच्या एका कचेरीत चपराशी होता. आपल्या कचेरीत दोन नवे टाइपरायटर आले आणि चालवणारा माणूस एकच आहे, हे त्याने पाहिले व भाच्याला सांगितले. भाच्याने मला सांगितले. आम्ही दोघे रोजगार कचेरीत जाऊन, मागणी आली की आमची नावे पाठवा, असे तिथल्या कारकुनाला सांगून आलो. मागणी पंधरा दिवसांनी आली. नोकरीची जी बातमी उपयोगी पडते ती बहुधा अशाच वाटेने येते, हे पुढे पत्रकारितेत मी बऱ्याचदा पाहिले. पण त्या चपराशाशी आपली ‘ओळख’ आहे, असे आम्ही तेव्हा कधी म्हटले नसते.

आमच्याकडे ओळख हा शब्द एकाच दिशेने चाले. लहान माणसाला मोठा माणूस माहीत असला की ती ओळख. मोठ्याला लहान माहीत असण्याची गरज नसे. अर्जाने उलटे विचारले होते: तुम्हाला कोण ओळखते? आम्ही तो प्रश्न आमच्या पद्धतीने वाचला. जबाबदार व्यक्ती म्हणजे मोठी व्यक्ती, असे तिघांचे एकमत झाले. तिसऱ्या मुलाने तर आमदारांचे नाव घातले. त्यांना त्याने एका सभेत दुरून पाहिले होते.

मी दोन नावे लिहिली. पहिले बुलडाण्याच्या माझ्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचे. दुसरे आमच्या गावच्या पाटलांचे. पाटील मला जन्मापासून पाहत होते. वडील त्यांच्याकडे सालदार होते, म्हणजे पाडवा ते पाडवा वर्षभराच्या कामावर बांधलेले. त्या वर्षी माघ लागला तेव्हा आमच्या घरात एकच बोलणे होते. नोकरीचा हुकूम पाडव्याच्या आत आला, तर वडील पुढचे साल धरणार नव्हते. त्यांचा उजवा गुडघा वखराच्या मागे चालायला आता तयार नव्हता. हुकूम आला नाही, तर पाडव्याला पाटलांच्या ओट्यावर जाऊन पुन्हा वर्षाची कबुली द्यायची. एकदा दिली की ती मध्येच मोडता येत नसे.

टायपिंगची परीक्षा झाली, तोंडी झाली. माझी निवड झाल्याचे त्या चपराशी मामाकडून कळले. मग बरेच दिवस काही आले नाही. शेवटी क्लासच्या पत्त्यावर कार्ड आले, की समक्ष भेटा.

त्या कचेरीतले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, पन्नाशी ओलांडलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेले गृहस्थ होते. त्यांनी मला उभे ठेवले, फाइल उघडली आणि एक कागद माझ्याकडे फिरवला. नवव्या रकान्यातल्या दोन्ही व्यक्तींना कचेरीने पत्र पाठवून विचारणा केली होती. मुख्याध्यापकांचे उत्तर चांगले होते. पाटलांचे उत्तर एका ओळीचे होते: या नावाचा कोणीही मुलगा आमच्या गावी नाही. खाली सही.

“तुमच्याच गावात तुम्ही नाही म्हणतात,” बडे बाबू म्हणाले. “मंग इथं कोन उभं हाये?”

चूक काय झाली ते कागदावर माझे नाव वाचतानाच कळले होते, पण ते कचेरीच्या भाषेत सांगणे अवघड होते.

मला दोन नावे होती. गावातले नाव वाराचे होते. ज्या वारी जन्मलो तो वार, शेवटचे अक्षर तोडून. आमच्या वस्तीतल्या निम्म्या मुलांची नावे अशीच होती आणि ती आईबापांनी विचार करून ठेवलेली नव्हती. हाक मारायला काहीतरी हवे म्हणून ती गावाकडून पडलेली होती. धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीने जी कामे मनावर घेतली त्यात मुलांची नावे बदलणे हे एक होते. गावची शाळा संपून माझा दाखला काढताना वडिलांनी मास्तरांना नवे नाव घालायला लावले. मास्तरांनी ते सुवाच्य अक्षरात घातले. त्या नावाने मी बुलडाण्याला शिकलो, मॅट्रिक झालो, कार्ड काढले. वस्तीत मला दोन्ही नावांनी ओळखत. गावात मात्र मी वारच राहिलो. तिथे नव्या नावाने हाक मारायची वेळच कोणावर आली नव्हती.

बडे बाबूंना मी यातले जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग ते म्हणाले, की ज्याने एकदा नाही म्हणून लिहून दिले त्याच्याकडून आता हो म्हणून आणले, तर दोन्ही कागद फाइलीत राहतील आणि साहेब चौकशी लावतील. चौकशी म्हणजे तीन महिने. त्यापेक्षा दुसरा कोणी आणा. तीन वर्षे, नात्यात नको, आणि माणूस सही करणारा पाहिजे. आठ दिवसांत नाही आणला तर यादीतल्या पुढच्या माणसाला हुकूम जाईल.

राजूरचा घाट उतरताना मी एस.टी.त बसल्या बसल्या माणसे मोजली. गावचे मास्तर मागल्या वर्षी वारले होते. हायस्कूलचे बाकीचे शिक्षक वर्षा-दोन वर्षांनी बदलत गेले होते. टायपिंगच्या मास्तरांची ओळख आठ महिन्यांची. वस्तीत बहुतेक सगळे नात्यातले. जे नव्हते त्यांना सही येत नव्हती. जिनिंगचा मुकादम मला गाठीच्या खुणेवरून ओळखे, नाव त्याने कधी विचारले नव्हते. ज्यांना माझा चेहरा माहीत होता त्यांना नाव माहीत नव्हते.

तरीही मी आधी पाटलांकडे गेलो. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी वडिलांचे नाव सांगितले नाही. त्याची गरज नव्हती. कचेरीतून माझ्याविषयी पत्र आले होते आणि त्यांनी नाही म्हणून कळवले, एवढे मी सांगितले. त्यांनी अडकित्ता थांबवला.

“ते तुयं होतं काय? मले काय माहीत बे, तुयं असं नाव हाये म्हणून. त्यायनं पुसलं तं म्या लिहून देल्लं.”

मी म्हटले, नाव पाच वर्षांपासून तेच आहे.

“असंन. आमाले कोणी सांगतलं?” ते म्हणाले, आणि माझे नवे नाव एकदा उच्चारून पाहिल्यासारखे ओठांत पुटपुटले. मग म्हणाले, “लंबं नाव हाये.”

त्यांना खरेच ठाऊक नव्हते, की ठाऊक करून घ्यायचे नव्हते, की पाडव्याला एक सालदार कमी होईल हा हिशेब त्यांच्या मनात होता, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही सांगता येणार नाही. पुढे बातमीदारीत मी जो नियम पाळला त्याप्रमाणे पाहिले तेवढेच लिहितो. पत्र आले तेव्हा त्यांनी गावात कोणाला विचारले नव्हते. आणि मी समोर उभा राहिलो तेव्हा नवे पत्र लिहून देतो असे ते स्वतःहून म्हणाले होते. ते आता चालणार नाही, असे मी सांगितल्यावर ते पुन्हा सुपारी कातरू लागले.

मुख्याध्यापक सोडले तर माझे कागदावरचे नाव तीन वर्षांहून जास्त काळ माहीत असलेला, नात्याबाहेरचा आणि सही करणारा एकच माणूस जिल्ह्यात होता, हे मला घरी वडिलांनी सुचवले. “तो पेपरवाला,” ते म्हणाले.

मलकापुरात एक चार पानी साप्ताहिक निघत असे. मी नववीत असल्यापासून त्याला आमच्या बाजूच्या गावांच्या बातम्या पाठवत होतो: विहिरीचे पाणी आटले, शिक्षक दोन महिने आले नाहीत, पुलाचे काम पहिल्या पावसाआधी अर्धवट सोडले. खाली पूर्ण नाव. सुरुवातीला पोस्टाने पाठवत असे. मलकापूरला राहू लागल्यापासून सोमवारी सकाळी छापखाना उघडण्याआधी कागद दाराखालून आत सरकवत असे. आत मी कधी गेलो नव्हतो. कामही पडले नव्हते, आणि धीरही झाला नव्हता. त्या माणसाला मी आपली ओळख म्हणून कधी धरले नाही, कारण आम्ही एकमेकांना पाहिलेच नव्हते.

छापखाना म्हणजे एक लांबट खोली होती. एका टोकाला पायाने चालवायचे छपाईयंत्र, दुसऱ्या टोकाला खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या पेट्या, मध्ये संपादकांचे टेबल. लग्नसराई जवळ आलेली असल्याने सगळीकडे पिवळ्या पत्रिका वाळत होत्या. संपादक मुद्रिते तपासत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, “काय रे, पत्रिका नेयाले आला काय?”

मी नाव सांगितले.

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिले, मग माझ्यामागे दाराकडे पाहिले, कोणी आणखी येते आहे का म्हणून.

“तुम्ही?”

मला त्याआधी कोणी तुम्ही म्हटले होते ते फक्त बडे बाबूंनी, आणि तेही थट्टेत.

“मी समजत होतो, कोणी रिटायर मास्तर असतीन,” ते म्हणाले. “चष्मेवाले. अक्षर तसं हाये.” मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला आणि त्यावर काहीही चार ओळी लिहायला सांगितल्या. मी कालच्या बाजारातला कापसाचा भाव लिहिला, कारण दुसरे काही सुचले नाही. त्यांनी उठून भिंतीवरच्या तारेत खोचलेल्या जुन्या कागदांतून माझे एक हस्तलिखित काढले आणि दोन्ही खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी धरले. यंत्रावरचा माणूस पाय थांबवून आमच्याकडे पाहू लागला. संपादक परत येऊन बसले.

“बसा,” ते म्हणाले.

मी काम सांगितले. पाटलांचे उत्तर सांगितले तेव्हा ते मोठ्याने हसले. मग मी हसत नाही हे पाहून थांबले. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. पुलाची बातमी छापल्यावर ठेकेदाराकडचा एक माणूस येऊन भांडून गेला होता, की काम अर्धवट नाही, पूर्ण झाले आहे. संपादक दुसऱ्या दिवशी स्वतः सायकलवर पूल पाहायला गेले. एक कठडा नव्हता आणि पलीकडचा भराव नव्हता, मी लिहिले होते तसेच. त्या दिवसापासून ते माझा मजकूर न तपासता खिळ्यांवर पाठवत.

“पण तीन वर्षं ओळखतो असं मी लिहीन कसं?” ते म्हणाले. “म्या तं तुमाले आज पाह्यलं.”

ते स्वतःशी विचार करत असल्याचे दिसत होते. खोटे लिहायला ते तयार नव्हते, आणि मला तसाच परत पाठवायलाही. शेवटी त्यांनी साप्ताहिकाचे नाव छापलेला कागद घेतला आणि लिहिले, की या नावाच्या व्यक्तीस मी तीन वर्षे चार महिने ओळखतो. या काळात त्यांनी पाठवलेल्या मजकुरातील एकही माहिती मला मागे घ्यावी लागली नाही. प्रत्यक्ष भेट आज प्रथमच झाली. शेवटचे वाक्य गाळता येईल का, असे मी विचारले. नाही, ते म्हणाले. ते गाळले तर वरची दोन खोटी वाटतील. संपादनाचा तो मला मिळालेला पहिला धडा होता, असे आता म्हणता येईल. काही वर्षांनी त्यांच्याच एका पोस्टकार्डावर मी अकोल्याच्या एका दैनिकात गेलो. तिथे अर्ज नव्हता आणि रकानेही नव्हते. त्या दिवशी मात्र मला ते वाक्य घातक वाटले होते.

बुलडाण्याला पोचलो तेव्हा आठातले सहा दिवस गेले होते. बडे बाबूंनी कागद दोनदा वाचला.

“यायनं ओळखलं तीन वर्सांपासून, अन् पाह्यलं परवा?”

“हो.”

“अन् पाटलानं पाह्यलं जलमापासून, पर ओळखत नाही.” त्यांनी दोन्ही कागद समोर ठेवले. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, की साहेब विचारतील, पाहिलेच नाही तर ओळखले कसे. बडे बाबूंनी माझा अर्ज काढून नववा रकाना त्याला दाखवला. “इथं ओळखता काय, असं पुसलं हाये. पाह्यलं काय, असं कुठं हाये?” मग त्यांनी संपादकांचा कागद टाचणीने अर्जाला लावला. पाटलांचा कागद त्यांनी फाडला नाही. तो फाइलीत तसाच राहिला. मला त्यांनी घरी जायला सांगितले आणि काहीही आश्वासन दिले नाही.

फाल्गुन निम्मा संपला. जिनिंगचा हंगाम उतरला आणि मला तिथून रजा मिळाली. मी गावी येऊन राहिलो. वडिलांनी पाडव्याचा विषय काढणे बंद केले होते. होळीनंतर पाटलांचा गडी एकदा घरी येऊन, साल धरायचे आहे ना, असे विचारून गेला. आईने, सांगतो, म्हणून वेळ मारून नेली.

आमच्या गावी टपाल आठवड्यातून दोनदा येई. पोस्टमन घरोघर फिरत नसे. पाटलांच्या ओट्यावर पिशवी रिकामी करी, तिथे जमलेल्यांना नावे वाचून दाखवी आणि ज्याचे कोणी नसेल ते पाकीट पत्ता चूक म्हणून परत नेई. माझे टपाल क्लासच्या पत्त्यावर येत असल्याने हे मी विसरलो होतो. हुकूम मात्र कायमच्या पत्त्यावर पाठवला जातो.

पाडव्याला चार दिवस होते. दुपारी पाटलांचा गडी वस्तीच्या तोंडाशी येऊन ओरडला, ओट्यावर बोलावले आहे. वडील उठले, कारण त्यांना वाटले बोलावणे त्यांना आहे. गड्याने मला हात केला.

ओट्यावर पाटील होते, पोस्टमन पाणी पीत होता, आणि आठ-दहा माणसे होती. पुढे पोस्टमननेच मला सांगितले, की त्याने पाकिटावरचे नाव दोनदा वाचले होते. जमलेल्यांनी असा कोणी नाही म्हटल्यावर त्याने ते पिशवीत परत टाकले होते. तेव्हा पाटील म्हणाले होते, “काढ ते. हाये तो आमच्या गावचा.”

मी खाली उभा राहिलो. पाटलांच्या हातात सरकारी शिक्क्याचे पाकीट होते. त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरले आणि माझे नाव वाचले; माझे, वडिलांचे आणि आडनाव, एकेक शब्द सुटा, मोठ्याने. बसलेल्यांपैकी दोघे माझ्याकडे वळून पाहू लागले.

“हे तूच न?”

“हाव.”

“मंग घे.” पाकीट देताना ते म्हणाले, “बापाले सांगजो, पाडव्याले येयाचं काम नाही.”

ते रागाने म्हणाले की समजुतीने, यावर आमच्या घरी बरेच दिवस बोलणे झाले. आईचे मत एक होते आणि वडिलांचे दुसरे.

पाडव्याला ओट्यावर सालदारांच्या कबुल्या झाल्या. वडील त्या दिवशी उशिरा उठले, आणि उठल्यावर काय करायचे ते न सुचल्याने अंगणात खाट टाकून बसले. मी दुसऱ्या दिवशी रुजू व्हायला बुलडाण्याला गेलो. बडे बाबूंनी हजेरीपटावर माझे नाव लिहिले, बरोबर आहे का ते पाहायला वही माझ्याकडे फिरवली, आणि विचारले, “गावात काय म्हणून हाक मारतात?”

मी वाराचे नाव सांगितले. त्यांनी समासात, अगदी बारीक अक्षरात, तेही लिहून ठेवले.